श्निट्झेल

श्निट्झेल : मांसाचा बिनहाडी पातळ काप, आणि त्या कापापासून केलेला ऑस्ट्रिया व जर्मनीतील पदार्थ. जर्मन भाषेत 'श्नित्स' म्हणजे काप किंवा फोड. त्याला लघुत्वदर्शक प्रत्यय लागून 'श्निट्झेल' झाले. शब्दाचा अर्थ एवढाच, 'छोटा काप'. पावाचा चुरा, अंडे, तळण यांपैकी कशाचाही त्या नावाशी संबंध नाही. जगभर मात्र हा शब्द ऐकला की चुऱ्यात घोळवून तळलेला, सोनेरी, ताटभर पसरलेला तुकडाच डोळ्यांपुढे येतो. या पदार्थाविषयीचे बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात : लोक आवरणाला पदार्थ समजतात आणि आतला काप विसरतात.

जर्मन भोजनपत्रिकेत 'नाटूरश्निट्झेल' असे लिहिलेले असेल तर ताटात येतो तो चुऱ्याशिवाय तव्यावर भाजलेला काप. 'राहमश्निट्झेल' म्हणजे साईच्या रश्शातला काप. तो बऱ्याचदा नूडल्सबरोबर वाढतात. 'पारिझर श्निट्झेल' फक्त मैदा व अंडे लावून तळतात, चुरा लावतच नाहीत. चुऱ्याचे आवरण असलेला आणि जगभर पोहोचलेला प्रकार तो 'वीनर श्निट्झेल', म्हणजे व्हिएन्नाचे श्निट्झेल. त्या शहराचे जर्मन नाव 'वीन', त्यावरून 'वीनर'. पुढे पाककृतीविषयी जे लिहिले आहे ते प्रामुख्याने या प्रकाराबद्दल आहे.

मराठीत हे नाव श्निट्झेल, श्नित्झेल, स्निट्झेल असे अनेक प्रकारे लिहिले जाते. मुळातला ध्वनी 'त्स' असा आहे. 'चाक', 'चूल' या शब्दांत आपण जो दंत्य च म्हणतो, तो याच्या अगदी जवळचा. इंग्रजीतून आलेल्या 'ट्झ'वर जीभ अडखळते. त्याऐवजी दंत्य च ठेवून 'श्निचल' म्हटले तर मराठी माणसाचा उच्चार व्हिएन्नातल्या उच्चाराजवळ जातो.

पारंपरिक कृती

मांस वासराचे, मागच्या पायाच्या वरच्या आतल्या भागाचे. व्हिएन्नातील खाटीक या भागाला 'कायझरटाइल' म्हणतात, म्हणजे बादशाही भाग. हे मांस कोवळे असते, चरबी कमी असते आणि मध्ये शिरा येत नाहीत. तंतूंच्या आडवा काप घेतात. बरेचदा 'फुलपाखरी' काप घेतला जातो : पहिली सुरी शेवटपर्यंत न नेता थोडी जागा जोडलेली ठेवायची, दुसरी पूर्ण चालवायची आणि काप पुस्तकासारखा उघडायचा. एका कापाचे वजन साधारण 150 ते 180 ग्रॅम असते. तो प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून सपाट हत्याराने मधून कडांकडे ठोकत सुमारे 4 ते 6 मिलिमीटर जाडीचा करतात. दातेरी हातोडी वापरली तर तंतू फाटतात, रस बाहेर पडतो आणि काप तळताना कोरडा होतो. ठोकण्याचा हेतू मांस मऊ करणे एवढाच नसतो. काप सगळीकडे सारख्या जाडीचा असेल तरच आवरण सोनेरी होण्याच्या वेळेतच मांसही शिजते.

मग मीठ, मैदा, अंडे आणि चुरा, याच क्रमाने. मैद्याने कापाचा ओलसर पृष्ठभाग कोरडा होतो व अंडे धरून राहते. जास्तीचा मैदा झटकून टाकतात. अंडे काट्याने जेमतेम मोडायचे, फेस आणायचा नाही; काही जण त्यात चमचाभर दूध किंवा साय घालतात. चुरा वाळलेल्या पांढऱ्या पावांचा, म्हणजे 'झेमेल' नावाच्या लहान गोल पावांचा, बारीक केलेला असतो. काप चुऱ्यात घोळवायचा, पण हाताने दाबायचा नाही. ही सूचना किरकोळ वाटते, पण साऱ्या कृतीचा जीव तिच्यात आहे. चुरा दाबला की तो मांसाला चिकटून बसतो आणि वाफेला जागा उरत नाही.

घोळवलेला काप लगेच तळायचा असतो. सकाळी चुरा लावून फ्रिजमध्ये ठेवलेले काप संध्याकाळी तळले तर मांसाचा आणि अंड्याचा ओलावा चुऱ्यात शिरलेला असतो. आवरण जड होते आणि कापाला घट्ट चिकटते.

तळण्यासाठी पारंपरिक माध्यम म्हणजे डुकराची चरबी किंवा 'बुटरश्माल्त्स', म्हणजे कढवून पाणी व दुधातले घन पदार्थ काढलेले लोणी. मराठी वाचकाला याची वेगळी ओळख करून द्यायला नको, हे तूपच. आपले साजूक तूप जरा जास्त कढवलेले असते, म्हणून त्याला बेरीचा वास येतो; बुटरश्माल्त्सचा वास त्याहून सौम्य. साधे लोणी चालत नाही, कारण त्यातले घन पदार्थ आवरण सोनेरी होण्याआधीच जळून काळे पडतात. तूप पसरट, खोलगट तव्यात इतके हवे की काप त्यात तरंगला पाहिजे. तापमान सुमारे 170 अंश सेल्सिअस. एका वेळी एक किंवा दोनच काप सोडतात. जास्त टाकले की तूप थंडावते आणि चुरा ते शोषून घेतो.

काप सोडल्यावर तवा हलवत राहायचा, म्हणजे गरम तूप लाटांसारखे वरच्या बाजूवरून जाते. पुरी फुगावी म्हणून आपण झाऱ्याने तिच्यावर तेल उडवतो, तेच इथे घडते. वरचे अंडे झटकन घट्ट होऊन पापुद्रा बनतो, मांसातल्या ओलाव्याची वाफ होते, आणि बाहेर पडायला वाट न मिळाल्याने ती त्या पापुद्र्याला मांसापासून उचलते. आवरण टम्म फुगते, त्याला लाटा पडतात, सुरकुत्या येतात. प्रत्येक बाजूला दोन-तीन मिनिटे पुरतात. काढून कागदावर टिपायचे आणि लगेच वाढायचे. चांगल्या श्निट्झेलचे आवरण आणि मांस यांच्यामधून सुरीचे पाते सहज सरकते. वर बसले तरी विजारीला डाग पडू नये इतके ते कोरडे हवे, असे व्हिएन्नात म्हणतात.

'आवरण सुटले म्हणजे कृती बिघडली' हा म्हणूनच या पदार्थाविषयीचा सर्वांत दुर्दैवी गैरसमज आहे. अनेक हौशी स्वयंपाकी आवरण घट्ट बसावे म्हणून चुरा दाबतात, दोनदा घोळवतात, फ्रिजमध्ये ठेवून 'सेट' करतात. यातली प्रत्येक खटपट श्निट्झेलला मूळ रूपापासून दूर नेते. फिश फ्रायसाठी हीच काळजी योग्य ठरेल. इथे ती घातक आहे.

सोबत काय

लिंबाची फोड हवीच. बरोबर बहुधा बटाट्याचे सॅलड असते. ते व्हिएन्नात मेयोनेज घालून करत नाहीत, तर कोमट बटाट्याच्या चकत्यांवर मांसाचा पातळ रस, व्हिनेगर, तेल, मोहरीची चटणी आणि कांदा घालून करतात. पार्सली लावलेले उकडलेले बटाटे किंवा काकडीचे सॅलडही चालते. ऑस्ट्रियात काही ठिकाणी 'प्राइझलबेरे' या आंबट लाल फळांचा मुरंबा देतात. रस्सा मात्र वीनर श्निट्झेलवर कधीही ओतत नाहीत. एवढ्या निगुतीने कोरडे, कुरकुरीत केलेले आवरण भिजवायचे तर मग ते करायचेच कशाला, हा व्हिएन्नाकरांचा आक्षेप पटण्यासारखा आहे. मशरूमच्या रश्शाचे 'येगरश्निट्झेल' जर्मनीत लोकप्रिय आहे, आणि त्याच्या जुन्या रूपात काप चुऱ्याशिवायच असतो, त्यामुळे तिथे रश्शाला अडचण नाही. पूर्व जर्मनीत याच नावाने काही वेगळेच मिळत असे : सॉसेजची जाड चकती चुऱ्यात घोळवून तळलेली, वर टोमॅटोचा रस्सा आणि बाजूला पास्ता. त्या भागात वाढलेल्या पिढ्यांना शाळेच्या भोजनगृहातले तेच येगरश्निट्झेल आठवते.

वासराचे की डुकराचे

ऑस्ट्रिया आणि जर्मनी या दोन्ही देशांत 'वीनर श्निट्झेल' हे नाव वासराच्या मांसासाठीच राखीव आहे. डुकराचे मांस वापरले तर 'वीनर श्निट्झेल, डुकराचे' किंवा 'व्हिएन्ना पद्धतीचे श्निट्झेल' असे स्पष्ट लिहावे लागते. यावरून परदेशी पर्यटकांचा समज होतो की डुकराचे श्निट्झेल म्हणजे फसवणूक. तसे मुळीच नाही. ऑस्ट्रियातल्या घरांत रविवारी दुपारी जे श्निट्झेल होते ते बहुतेकदा डुकराचे किंवा टर्कीचे असते, कारण वासराचे मांस महाग. व्हिएन्नातील 1905 साली सुरू झालेले, आपल्या प्रचंड आकाराच्या श्निट्झेलसाठी जगभर ओळखले जाणारे 'फिग्लम्युलर' हे भोजनगृहही आपले खास श्निट्झेल डुकराच्या मांसाचेच करते. नियम नाव कोणते लावायचे एवढेच सांगतो. काय रुचकर आहे ते सांगत नाही.

मूळ आणि राडेट्स्कीची गोष्ट

ऑस्ट्रियाचा सेनापती फील्ड मार्शल राडेट्स्की याने उत्तर इटलीतील बंडे मोडली, तिथे त्याने मिलानचा 'कोतोलेत्ता', म्हणजे चुरा लावून तळलेला वासराचा तुकडा, खाल्ला, 1857 साली त्याची कृती सम्राट फ्रान्ट्स योझेफला कळवली आणि दरबारातून ती व्हिएन्नाभर पसरली, ही गोष्ट प्रवासपुस्तकांत आणि संकेतस्थळांवर सर्रास सापडते. ती रंजक आहे, पण खरी नाही. क्लागेनफुर्टचे भाषाशास्त्रज्ञ हाइन्ट्स-डीटर पोल यांनी तिचा माग काढला तेव्हा ती 1969 सालच्या एका इटालियन खाद्यमार्गदर्शिकेत आणि तिच्या 1971 सालच्या जर्मन भाषांतरातून पसरलेली आढळली. त्याआधीच्या ऑस्ट्रियन साहित्यात या पदार्थासंदर्भात राडेट्स्कीचा उल्लेख नाही. शिवाय 'वीनर श्निट्झेल' हे नावच 1857 च्या आधीपासून, 19 व्या शतकाच्या पूर्वार्धापासून वापरात दिसते. काटारिना प्राटो यांच्या 1858 च्या लोकप्रिय पाकपुस्तकात हाच पदार्थ 'चुरा लावलेले वासराचे काप' अशा साध्या वर्णनाने येतो. राजदरबारातून नुकतीच उतरलेली नवलाई त्या नोंदीत कुठेच जाणवत नाही.

व्हिएन्नात कोंबडी चुऱ्यात घोळवून तळण्याची रीत 18 व्या शतकातच होती. मांसाचे इतर तुकडे, भाज्या, मासे हेही तसेच तळत. काप त्याच रीतीने तळायला कोणा सेनापतीच्या टपालाची गरज नव्हती. मिलानचा पदार्थ तर नीट पाहिला असता वेगळाच निघतो : तो हाडासकट, जाड असतो, त्याला मैदा लावत नाहीत, चुरा दाबून बसवतात, आणि तो लोण्यात, आवरण फुगू न देता तळतात. दोघांचे आवरण दिसायला सारखे, एवढ्यावरून एकाला दुसऱ्याचा पिता ठरवणे म्हणजे पुन्हा आवरणावरून पदार्थ ओळखण्याची चूक.

इतरत्र

अर्जेंटिनातील 'मिलानेसा', म्हणजे चुरा लावून तळलेला मांसाचा काप, इटालियन स्थलांतरितांबरोबर गेला. जपानमधील 'तोन्कात्सु', म्हणजे चुरा लावून तळलेला डुकराचा काप, या नावातील 'कात्सु' हा 'कटलेट'चा अपभ्रंश. टोकियोच्या गिन्झा भागातील 'रेंगातेई' या 1895 साली निघालेल्या उपाहारगृहाशी त्याचा उगम जोडला जातो. इस्रायलमध्ये श्निट्झेल मध्य युरोपातून आलेल्या ज्यूंनी नेले आणि तिथे ते रोजच्या जेवणाचा भाग झाले. पण वासराचे मांस दुर्मिळ होते म्हणून कोंबडी आणि टर्की आली. मांस व दुग्धजन्य पदार्थ एकत्र न करण्याच्या धार्मिक नियमामुळे तूपही गेले आणि तेल आले. अमेरिकेत 1961 साली सुरू झालेल्या 'वीनरश्निट्झेल' नावाच्या उपाहारगृह-साखळीचा मुख्य पदार्थ हॉट डॉग आहे. त्यामुळे कित्येक अमेरिकनांना श्निट्झेल हे सॉसेजचे नाव वाटते.

महाराष्ट्रात वाचकाची गफलत वेगळ्या दिशेने होते. आपल्याकडे 'कटलेट' म्हणजे कुस्करलेल्या बटाट्याचे किंवा खिम्याचे वडीसारखे थापलेले मिश्रण, त्यामुळे चुरा लावून तळलेले श्निट्झेलही आतून तसेच असेल असा समज होतो. श्निट्झेलमध्ये काहीही कुस्करलेले नसते. तो अखंड काप असतो. राज्यात 2015 पासून गोवंश हत्याबंदी असल्याने इथल्या उपाहारगृहांत या नावाने बहुधा कोंबडीचे मांस येते. कोंबडीच्या छातीचा तुकडा उभा चिरून, उघडून, सारखा ठोकून घेतला आणि साजूक तुपात तरंगू दिला तर आवरण उत्तम फुगते.

गोव्यात 'कटलेट'चा अर्थ महाराष्ट्रापेक्षा श्निट्झेलला जवळचा आहे. तिथे मांसाचे पातळ काप आले-लसूण, मिरची व व्हिनेगरमध्ये मुरवून, अंडे आणि रवा लावून तळतात. हा वारसा व्हिएन्नाचा नाही, पोर्तुगीज स्वयंपाकाशी जोडलेला आहे. रवा मात्र इथलाच. संध्याकाळी गाड्यांवर असा काप पावात घालून, वर चिरलेला कांदा-कोबी पेरून मिळतो, त्याला 'कटलेट-पाव' म्हणतात. व्हिएन्नातही उरलेले श्निट्झेल दुसऱ्या दिवशी थंडच, गोल पावात घालून, प्रवासाला किंवा डोंगरावर फिरायला जाताना डब्यात नेतात. त्याला 'श्निट्झेलझेमेल' म्हणतात. तोवर आवरण मऊ पडून मांसाला चिकटलेले असते, आणि पावाबरोबर ते तसेच चांगले लागते.