एका बेळगावात किती गावं

बेळगाव एकच गाव आहे असं धरून फिरायला निघालं, की बरंच काही निसटतं. किल्ला, पेठ, कॅम्प, शहापूर यांचा इतिहास वेगवेगळा आहे. बोलणं, खाणं, घरांची ठेवण यांतले फरक मला तिथूनच उलगडत गेले.

सुरुवात किल्ल्यातून करावी. सौंदत्तीच्या रट्ट राजघराण्याने आपली राजधानी इथे आणली, तेव्हा गावाचं नाव वेणुग्राम होतं. किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, १२०४ ची. मंडपात उभं राहून मान वर करा: छताच्या मधोमध उलटं दगडी कमळ उमललेलं आहे. खालचे खांब कातून इतके गुळगुळीत केलेत की हात फिरवल्याशिवाय राहवत नाही. पुढे बहमनींचा वजीर महमूद गवान याने किल्ला जिंकला, मग आदिलशाही आली. बस्तीपासून जवळच असलेली साफा मशीद १५१९ ची, आदिलशाही सरदार असद खानाने बांधवलेली. मराठ्यांकडून १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला आणि बाहेर कॅम्प वसला. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आजही बेळगावातच आहे.

शहापूर मात्र इंग्रजांचं नव्हतंच, ते सांगलीच्या पटवर्धनांचं. १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत बेळगावच्या पेठेतून शहापुरात जाणारा माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाऊल टाकत होता. विणकर आणि सराफ ही शहापूरची खरी ओळख. नुसता कॅम्प पाहून परतणाऱ्यांना हे गाव कळतच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

टिळकवाडीत १९२४ चं काँग्रेस अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष असलेलं हे एकमेव अधिवेशन. इथले काँग्रेस नेते गंगाधरराव देशपांडे त्याचे मुख्य आधार. पाण्यासाठी तेव्हा खणलेली विहीर अजून आहे.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. तो सल इथल्या मराठी घरांत अजून आहे, आणि महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. बाजारात मात्र दोन्ही भाषा एकाच तोंडात नांदतात. दुकानदार मागच्या गिऱ्हाइकाशी कानडीत बोलता बोलता तुमच्याशी मराठीत भाव ठरवतो.

खाण्यात कुंदा सगळ्यांना ठाऊक आहे: दूध आटवत, ढवळत, खमंग तपकिरी होईपर्यंत नेलेलं. पण इथली कसबी चीज म्हणजे मांडे. मऊ तिंबलेल्या कणकेच्या गोळ्यात पिठीसाखरेचं सारण भरतात, लाटलेली पोळी दोन्ही हातांवर झेलत झेलत मोठी करतात, आणि ती पारदर्शक व्हायला आली की उपड्या खापरावर टाकतात. गरम असतानाच तिच्या घड्या घालाव्या लागतात. निवल्यावर ती मोडते. मराठी लग्न असो की कानडी, रुखवतात मांडे असले की पाहुणे आधी त्यांच्याकडेच वळतात.