झोन पद्धती (छायाचित्रण)

कृष्णधवल छायाचित्रणात समोरच्या दृश्यातला उजेड मोजून, त्यातला कोणता भाग छापील चित्रात किती गडद यावा हे आधीच ठरवण्याची पद्धत. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स (१९०२–८४) आणि फ्रेड आर्चर यांनी लॉस एंजेलिसच्या आर्ट सेंटर स्कूलमध्ये शिकवताना १९३९–४० च्या सुमारास ती बसवली.

पूर्ण काळ्यापासून कोऱ्या कागदाच्या पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा असे अकरा झोन मानतात. दर झोनला उजेड दुप्पट होतो, म्हणजे एक स्टॉप वाढतो. पाचवा झोन मधला करडा. लाइट मीटर ज्यावर रोखावा ते या पाचव्यातच बसवायला सांगतो. त्याचे ऐकले तर बर्फही करडा आणि काळा कातळही करडाच. कातळ काळा हवा, पण त्याच्या भेगा दिसायला हव्यात, असे वाटले तर तो तिसऱ्या झोनवर ठेवायचा, म्हणजे मीटरपेक्षा दोन स्टॉप कमी द्यायचे. नेमके किती काळे, हे मात्र कोणताच मीटर सांगत नाही. ॲडम्स यांनी कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत १९२७ साली हाफ डोम हा कडा टिपताना पिवळा फिल्टर काढून गडद लाल लावला तो आकाश जवळजवळ काळे हवे म्हणून. झोनची कोष्टके त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी आली.

उरलेले काम डार्करूममध्ये होते. डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनात, निगेटिव्हवरचे सावलीचे भाग लवकर पुरे होतात, उजळ भाग मात्र दाट होत राहतात. म्हणून सावली एक्स्पोजरने (फिल्मवर पडू दिलेल्या उजेडाने) सांभाळायची आणि उजळ भाग डेव्हलपिंगच्या वेळेने.

या पद्धतीचे गाजलेले उदाहरण १९४१ मधले. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर चंद्र उगवला होता, कबरस्तानातल्या क्रुसांवरचे ऊन निघून चालले होते आणि ॲडम्सना मीटर सापडेना. चंद्राची दीप्ती चौरस फुटाला २५० कँडल (प्रकाशाचे एकक), हे त्यांना पाठ होते. तो आकडा सातव्या झोनवर ठेवून त्यांनी मनातच हिशेब केला : भिंगाचे छिद्र एफ/३२ इतके लहान आणि वेळ एक सेकंद. दुसरी निगेटिव्ह घेण्याआधीच ऊन सरले. पहिलीचा खालचा भाग इतका पातळ निघाला की १९४८ मध्ये रसायनाने तो दाट करावा लागला. पुढच्या काळातल्या प्रिंटांत त्यांनी आकाश अधिकाधिक काळे केले. ही पद्धत म्हणजे कोरडे गणित, असा आक्षेप घेणाऱ्यांनी हे प्रिंट शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

सुट्या शीट फिल्मवर ही पद्धत पूर्ण चालते. रोलमधल्या सगळ्या फ्रेम एकत्रच धुतल्या जात असल्याने तिथे हात बांधले जातात. डिजिटल कॅमेऱ्यात क्रम उलटतो : जास्त उजेडाने जळालेला, म्हणजे कोरा पांढरा झालेला भाग परत मिळत नाही, सावली मात्र बरीच उजळता येते, त्यामुळे एक्स्पोजर उजळ भागावरून ठरवतात.