पाइप झाका, पण त्याला हलायला जागा ठेवा

न्हाणीघर छोटे असले की कोपऱ्यातून उतरणारे पाइप जास्तच नजरेत भरतात. घराला रंग काढला की ‘हे सगळं झाकून टाका’ ही मागणी ठरलेली. त्यामागे एक पक्का गैरसमज असतो: पाइप ही जागच्या जागी उभी असलेली वस्तू आहे, भोवती सिमेंट भरले, वर टाइल लावली की काम संपले. प्रत्यक्षात गरम पाण्याचा प्लास्टिकचा पाइप प्रत्येक आंघोळीला लांब होतो आणि नंतर आखडतो.

आज अनेक घरांत गरम पाण्याला फिकट पिवळसर सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचा) पाइप असतो. त्याची लांबी दर अंश सेल्सिअसला मूळ लांबीच्या सुमारे ०.००००६२ पटीने वाढते. थंडीत टाकीचे पाणी २० अंशांवर असते, गिझरचे ६० वर. गिझरपासून शॉवरपर्यंत २ मीटर सरळ पाइप असेल, तर ०.००००६२ × ४० × २००० म्हणजे जवळपास ५ मिलिमीटर वाढ. जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपची तेवढ्याच लांबीत जेमतेम १ मिलिमीटर होते.

हे ५ मिलिमीटर अडवले तर? पाऊण इंची सीपीव्हीसी पाइप दोन्ही टोकांना घट्ट आवळला, तर त्यात साधारण ७० किलो वजनाइतका रेटा तयार होतो. हा रेटा पाइपच्या लांबीवर अवलंबून नसतो. तो ठरतो तापमानातला फरक, पदार्थाचा ताठपणा आणि पाइपच्या भिंतीची जाडी यांवरून. लोखंड वाढते कमी, पण ताठ इतके की तेच गणित तिथे दीड ते दोन टनांपर्यंत जाते. प्लास्टिक मऊ असल्याने लगेच फुटत नाही. ते भिंतीला धरणाऱ्या दोन क्लॅम्पच्या मधे धनुकलीसारखे वाकते आणि सगळा ताण टी (तीन तोंडी) किंवा एल्बोच्या (काटकोनी) जोडावर येतो. गळती सुरू होते ती तिथे, आणि तोवर वर टाइल बसलेली असते.

उपाय भूमितीत आहे. सरळ पाइपच्या टोकाला काटकोनी वळण द्या आणि वळणानंतरचा काही भाग मोकळा सोडा. मुख्य पाइप वाढला की तो मोकळा पाय किंचित वाकून ती वाढ सामावून घेतो. वाकण्याने येणारा ताण पायाच्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे पाय १२ सेंटिमीटरचा २४ केला की ताण थेट चौथ्या हिश्श्यावर येतो. पाऊण इंची पाइपच्या ५ मिलिमीटर वाढीला सुमारे २५ सेंटिमीटर पाय पुरतो. वळणाला लागूनच क्लॅम्प ठोकला, तर हा सगळा फायदा गेला.

क्लॅम्प दर ९० सेंटिमीटरला हवेत, गरम लाइनवर त्याहून जवळ, आणि पाइप त्यातून सरकला पाहिजे. घट्ट क्लॅम्पमध्ये घर्षण पाइपला धरून ठेवते, ताण साठत जातो, मग पाइप एकदम थोडा सरकतो आणि ‘टिक्’ वाजते. गिझर बंद केल्यावर रात्री भिंतीतून येणारे ठोके हेच. त्यासाठी नारळ ओवाळायची गरज नाही. क्लॅम्पचा स्क्रू अर्धा फेरा सैल करा.

पाइप झाकणाऱ्या पेटीसाठी ‘वॉटरप्रूफ प्लाय’ सुचवला जातो. आयएस ७१० या भारतीय मानकाच्या दर्जाच्या प्लायची ७२ तास उकळण्याची चाचणी असते ती थरांमधल्या डिंकाच्या पकडीची. लाकूड पाणी पितेच, कापलेल्या कडांमधून तर सर्रास. त्यापेक्षा २५ मिलिमीटरचा अॅल्युमिनियम अँगल, त्यावर १२ मिलिमीटरचा पीव्हीसी फोम बोर्ड आणि स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरा. टाइलच हवी असेल तर ८ मिलिमीटरचा फायबर सिमेंट बोर्ड घ्या. संडासाच्या ११० मिलिमीटर पाइपला आतून १६० मिलिमीटर रुंदी ठेवा, कारण सॉकेट (जोडाचे फुगीर भाग) पाइपहून जाड असतात. डोअर टी, डोअर बेंड (सफाईसाठी झाकण असलेले जोड) आणि प्रत्येक कॉकसमोर ३०० × ३०० मिलिमीटरचे उघडणारे दार हवेच. पाइप बोर्डातून बाहेर येतो तिथे पाऊण इंची (बाहेरून २२ मिलिमीटर) पाइपला २८ चे भोक पाडा आणि वर फ्लँज म्हणजे भोक झाकणारी चकती सरकवा.

पेटी जमिनीला टेकवू नका. खाली १० मिलिमीटर फट ठेवली तर आतली गळती पहिल्याच दिवशी फरशीवर दिसते. वरही हवेला वाट ठेवा. आंघोळीच्या वाफेने हवा संपृक्त होते आणि थंड पाइपवर दव धरते. बंद पेटीत तेच पाणी बुरशी वाढवते. थंड लाइनला ९ मिलिमीटरची पॉलिइथिलीन फोमची नळी चढवली की दव धरणे जवळजवळ थांबते.

पेटीऐवजी नुसता रंग लावायचा असेल, तर सीपीव्हीसीवर पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक रंगच वापरा. ऑइल पेंटमधली द्रावके, मऊ व्हिनाइल स्टिकरमधले आणि वायरच्या आवरणातले मऊपणा आणणारे रसायन पाइपमध्ये शिरून ताण असलेल्या जागी बारीक तडे पाडू शकते. सजावटीसाठी गुंडाळलेली मऊ व्हिनाइलच्या वेलीची पट्टी म्हणूनच धोक्याची.

नवीन लाइन असेल तर जोड चिकटवणारे सोल्युशन लावल्यावर २४ तास थांबा. मग हातपंपाने १० बार दाब देऊन तासभर ठेवा. सुरुवातीला दाबमापकाचा काटा किंचित उतरतो, कारण प्लास्टिक ताणले जाते. पुन्हा पंप करा. त्यानंतरही उतरत राहिला तर गळणारा जोड शोधा. बोर्ड बसवण्याआधी भिंतीला मापपट्टी लावून प्रत्येक पाइपचा फोटो काढा. पुढे आरसा किंवा टॉवेल रॉड लावायला येणाऱ्याला ड्रिल कुठे चालवायचे नाही ते त्यावरून सांगता येईल.