लोडिंग काळ आणि जलद साठवण (संगणकीय खेळ)

लोडिंग काळ : संगणकावर किंवा कन्सोलवर एखादा खेळ, अथवा त्यातील पुढचा टप्पा, सुरू करण्याची आज्ञा दिल्यापासून तो प्रत्यक्ष खेळता येईपर्यंत जाणारा वेळ. या अवधीत खेळातील दृश्ये, ध्वनी, नकाशे व पात्रांची माहिती कायम साठवणीतून वाचली जाते, संकुचित स्वरूपातून उलगडली जाते आणि रॅममध्ये (यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत) व ग्राफिक्स कार्डाच्या स्मृतीत योग्य जागी मांडली जाते. बोलताना या साऱ्यालाच ‘लोडिंग’ म्हणतात. तथापि वाचणे, उलगडणे आणि मांडणे ही कामे यंत्राच्या वेगवेगळ्या भागांवर अवलंबून असतात, आणि जलद साठवणीचा थेट परिणाम त्यांपैकी केवळ पहिल्यावर होतो. सॉलिड स्टेट ड्राइव्ह म्हणजेच एसएसडी या फिरत्या तबकडीविना चालणाऱ्या जलद साठवणीच्या उपयुक्ततेविषयी जी परस्परविरोधी विधाने आढळतात, त्यांचे मूळ बहुधा हा भेद न पाळण्यात आहे.

आरंभीच्या घरगुती संगणकांचे खेळ बव्हंशी ध्वनिफितीवर मिळत. १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये विक्रीस आलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रमला फितीवरून सेकंदाला सरासरी दीड हजारांच्या आसपास बिट मिळत. त्यामुळे ४८ किलोबाइटची स्मृती भरण्यास चार ते पाच मिनिटे लागत. त्याच काळातील कार्ट्रिज, म्हणजे खेळ साठवलेली व यंत्रात खोचायची डबी, मात्र निराळ्या तत्त्वावर चाले. तिच्यातील रॉम चिप प्रोसेसरला थेट वाचता येत असल्याने माहिती आधी रॅममध्ये आणून ठेवण्याची गरज फारशी नसे आणि खेळ जवळजवळ तत्काळ सुरू होई. १९९० च्या दशकात टीव्हीला जोडून खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमच्या या कार्ट्रिजला महाराष्ट्रात सर्रास ‘कॅसेट’ म्हटले जाई. ध्वनिफितीच्या कॅसेटशी तिचा संबंध नव्हता, आणि लोडिंगच्या बाबतीत तर ती फितीच्या अगदी उलट टोकाला होती. म्हणून फितीवरच्या खेळांचा इतिहास मराठीत सांगताना हा शब्द जपून वापरावा लागतो.

कार्ट्रिजची जागा सीडीने घेतली तेव्हा साठवण स्वस्त आणि प्रशस्त झाली, पण प्रतीक्षा परतली. एकपट वेगाच्या सीडी-रॉमचा वाचनवेग सेकंदाला १५० किलोबाइट असतो. डिसेंबर १९९४ मध्ये जपानमध्ये आलेल्या सोनी कंपनीच्या पहिल्या प्लेस्टेशन कन्सोलचा ड्राइव्ह दुप्पट वेगाचा, म्हणजे ३०० किलोबाइटचा होता आणि मुख्य रॅम २ मेगाबाइट होती. ती पूर्ण भरण्यास अखंड वाचन केले तरी सुमारे सात सेकंद लागत. याच रीतीने २०१३ च्या प्लेस्टेशन ४ चा हिशेब केला, तर त्याची स्मृती ८ गिगाबाइट आणि हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला ५० ते १०० मेगाबाइट असल्याने तीच क्रिया दीड ते पावणेतीन मिनिटांवर जाते. दोन दशकांत स्मृती सुमारे चार हजार पटींनी वाढली, तर वाचनाचा वेग फार तर तीनशे-साडेतीनशे पटींनी वाढला. यंत्रे अधिकाधिक समर्थ होत असताना लोडिंग लांबत का गेले, या प्रश्नाचे उत्तर प्रामुख्याने या विषम वाढीत आहे. खेळांचे वाढते आकारमान हे नेहमी सांगितले जाणारे कारण त्यामानाने दुय्यम मानावे लागते.

ही प्रतीक्षा खेळाडूला जाणवू नये म्हणून रचनाकारांनी अनेक युक्त्या योजल्या. १९९६ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल’मधील सावकाश उघडणारी दारे हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. लोडिंग चालू असताना छोटा खेळ खेळायला देण्याची कल्पना प्रथम कोणाची, याविषयी मात्र एकमत नाही. नाम्को या जपानी कंपनीला या कल्पनेचे अमेरिकी पेटंट १९९८ मध्ये मिळाले व ते २०१५ मध्ये संपले. त्यामुळे श्रेय अनेकदा नाम्कोकडे जाते. परंतु कमोडोर ६४ या घरगुती संगणकासाठी ‘इन्व्हेड-अ-लोड’ हा फीत चालू असतानाच खेळता येणारा खेळ १९८७ च्या सुमारासच वापरात होता. कल्पनेचे मूळ फितीच्या काळात शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.

हार्ड डिस्कची खरी मर्यादा तिच्या अखंड वाचनाच्या वेगापेक्षा विखुरलेल्या वाचनात आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास ८.३३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवा तो भाग वाचनशीर्षाखाली येण्यास सरासरी त्याच्या निम्मा वेळ जातो. शीर्ष योग्य वर्तुळावर नेण्यास आणखी आठ-नऊ मिलिसेकंद धरले, तर प्रत्येक तुकड्यामागे बारा-तेरा मिलिसेकंद खर्च होतात. खेळाच्या एका टप्प्यासाठी प्रत्येकी ६४ किलोबाइटचे दहा हजार विखुरलेले तुकडे हवे आहेत असे समजू. ही सगळी माहिती ६४० मेगाबाइट भरते आणि ती सलग असती तर चार-पाच सेकंदांत वाचून झाली असती. मात्र ती विखुरलेली असल्याने केवळ तुकडे शोधण्यातच दोन मिनिटांहून अधिक वेळ जातो. एसएसडीत फिरणारा भाग नसल्याने हाच शोध दर तुकड्यामागे सुमारे एक दशांश मिलिसेकंदावर येतो, आणि तेच काम दोन-तीन सेकंदांत आटोपते. प्रत्यक्षात खेळांची माहिती इतकी विखुरलेली क्वचितच असते, कारण ती विखुरलेली राहू नये म्हणून रचनाकारांनी एकाच वस्तूच्या अनेक प्रती डिस्कवर ठिकठिकाणी ठेवण्याचा मार्ग पत्करला होता. प्लेस्टेशन ४ वरील ‘स्पायडर-मॅन’ खेळात रस्त्यावरच्या काही वस्तूंच्या अशा सुमारे चारशे प्रती होत्या, असे प्लेस्टेशन ५ चे प्रमुख रचनाकार मार्क सर्नी यांनी सांगितले आहे.

एसएसडीचा आरंभ कोठून धरावा, याबाबत व्याख्येनुसार निष्कर्ष बदलतो. फिरत्या तबकडीविना चालणारी, डिस्कची जागा घेणारी साठवण असा व्यापक अर्थ घेतल्यास १९७० च्या दशकातील मोठ्या संगणकांची, सामान्य स्मृती-चिपांवर आधारलेली उपकरणे आधी येतात. १९७८ चे स्टोरेजटेक कंपनीचे उपकरण त्यांपैकी एक. मात्र त्यांतील माहिती विजेविना टिकत नसे, आणि आजच्या एसएसडीशी त्यांचे नाते नावापुरतेच आहे. आजच्या एसएसडी जिच्यावर चालतात ती, विजेविनाही माहिती टिकवणारी फ्लॅश स्मृती तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी विकसित केली. त्यांचे काम १९८० च्या सुमारास सुरू झाले असे मानले जाते. ते १९८४ मध्ये जाहीरपणे मांडले गेले व नँड हा आज सर्वत्र वापरला जाणारा प्रकार १९८७ मध्ये पुढे आला. इंटेलने १९८८ मध्ये नॉर प्रकारची फ्लॅश बाजारात आणल्याने काही वृत्तांतांत तिच्याकडे झुकते माप जाते, तथापि संशोधनाचे श्रेय मासुओकांकडेच राहते. फ्लॅशवर आधारित आरंभीच्या एसएसडींपैकी सॅनडिस्कचा २० मेगाबाइटचा ड्राइव्ह १९९१ चा आहे. खेळ खेळणाऱ्यांच्या संगणकांत एसएसडी २००८ नंतर हळूहळू आली.

या संगणकांतील सुरुवातीच्या एसएसडी हार्ड डिस्कसाठी आखलेल्या साटा जोडणीवरच चालत आणि फार तर सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइटवर अडत. मार्च २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एनव्हीएमई या खास एसएसडीसाठीच्या जोडणी-मानकाने ही अडचण दूर केली. जुन्या पद्धतीत ड्राइव्हला द्यायच्या आज्ञांची एकच रांग व तीत ३२ आज्ञा एवढीच सोय होती. एनव्हीएमईत पासष्ट हजारांच्या आसपास रांगा आणि प्रत्येकीत तितक्याच आज्ञा शक्य आहेत. चौथ्या पिढीच्या पीसीआयई जोडणीवरील ड्राइव्ह सेकंदाला ७ गिगाबाइटपर्यंत वाचतात. असे असूनही साटा एसएसडीवरून एनव्हीएमईकडे गेल्यावर बहुतेक खेळांचा लोडिंग काळ थोडाच घटतो. एखाद्या खेळाच्या चाळीस सेकंदांच्या लोडिंगपैकी तीस सेकंद वाचनाचे व दहा सेकंद प्रोसेसरच्या कामाचे असतील, तर वाचन दहापट जलद होताच एकूण काळ तेरा सेकंदांवर येतो. वाचन पुन्हा दहापट जलद केले, तर तो दहा सेकंदांच्या किंचित वरच राहतो. जीन अॅम्डाल यांनी १९६७ मध्ये समांतर प्रक्रियेसंबंधी मांडलेला नियम, म्हणजे एक भाग कितीही जलद केला तरी एकूण काळ उरलेल्या भागाच्या काळाखाली जात नाही हे तत्त्व, येथे तंतोतंत लागू पडतो.

म्हणूनच २०२० च्या कन्सोलांतील महत्त्वाचा बदल एसएसडी बसवण्यात जितका होता, तितकाच तिच्या अवतीभवतीची वाट मोकळी करण्यात होता. प्लेस्टेशन ५ ची ८२५ गिगाबाइटची एसएसडी सेकंदाला ५.५ गिगाबाइट वाचते, आणि क्रॅकन पद्धतीने संकुचित केलेली माहिती उलगडण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा असल्याने प्रत्यक्ष पुरवठा साधारण ८ ते ९ गिगाबाइटपर्यंत जातो. हेच काम सामान्य प्रोसेसरवर टाकल्यास त्याचे नऊ गाभे (कोअर) गुंतून पडतील, असा सर्नी यांचा हिशेब आहे. पूर्ण स्मृती भरण्याच्या वरील मोजपट्टीने पाहिल्यास १६ गिगाबाइटची स्मृती आता दोन-तीन सेकंदांत भरते. म्हणजे १९९४ च्या प्लेस्टेशनपेक्षाही कमी वेळात. एक्सबॉक्स सिरीज एक्सचे आकडे याहून कमी, म्हणजे मूळ २.४ आणि संकुचित ४.८ गिगाबाइट असे आहेत.

या सुधारणेचा पुरावा म्हणून ‘स्पायडर-मॅन’मधील जलद प्रवासाचे, म्हणजे नकाशावरील एका ठिकाणाहून थेट दुसरीकडे जाण्याचे, प्रात्यक्षिक वारंवार उद्धृत होते, पण त्याचे आकडे सर्वत्र सारखे नाहीत. एप्रिल २०१९ च्या वृत्तात जुन्या यंत्रावर १५ सेकंद व नव्यावर ०.८ सेकंद असे म्हटले होते. पुढच्याच महिन्यात सोनीने गुंतवणूकदारांसमोर दाखवलेल्या तुलनेत ८.१० आणि ०.८३ सेकंद असे आकडे होते. नव्या यंत्राचा आकडा दोन्हींकडे जुळतो, तफावत जुन्या यंत्राच्या मोजणीत आहे. दुसरी जोडी चित्रफितीसह मांडली गेल्याने तीच स्वीकारणे इष्ट वाटते, आणि तसे केल्यास वाढ एकोणीसपट नसून सुमारे दहापट ठरते.

विंडोज संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टने डायरेक्टस्टोरेज ही जलद साठवणीतून खेळाची माहिती कमी अडथळ्यांनी पुरवणारी व्यवस्था मार्च २०२२ मध्ये उपलब्ध केली. पुढे तिच्यात माहिती ग्राफिक्स कार्डावरच उलगडण्याची सोय आली. जानेवारी २०२३ मधील ‘फोरस्पोकन’ हा डायरेक्टस्टोरेज वापरणारा पहिला खेळ होय. ‘रॅचेट अँड क्लँक : रिफ्ट अपार्ट’ हा क्षणात एका जगातून दुसऱ्यात नेणारा खेळ एसएसडीविना अशक्य असल्याची समजूत २०२१ मध्ये रूढ झाली होती. २०२३ च्या त्याच्या संगणकीय आवृत्तीने किमान गरजांत हार्ड डिस्कही मान्य केली. तीवर तो चालतो, मात्र जगे बदलताना खंड पडतो.

साठवणीपलीकडच्या कारणांची दोन उदाहरणे बोलकी आहेत. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन’ सुरू होण्यास काही संगणकांवर सहा मिनिटे लागत. फेब्रुवारी २०२१ मध्ये एका स्वतंत्र प्रोग्रामरने दाखवून दिले की सुमारे १० मेगाबाइटची एक यादी अतिशय अकार्यक्षम रीतीने वाचली जात होती. त्या दुरुस्तीने त्याच्या संगणकावर काळ दोन मिनिटांच्या आत आला, ड्राइव्ह तोच असताना. आणि निर्मात्यांनी पुढच्याच महिन्यात ती सुधारणा स्वीकारली. ‘हेलडायव्हर्स २’च्या संगणकीय आवृत्तीत हार्ड डिस्कवाल्यांच्या सोयीसाठी माहितीच्या प्रती ठेवल्याने खेळाचा आकार १५४ गिगाबाइटच्या घरात गेला होता. २०२५ अखेरीस त्या काढून तो सुमारे २३ गिगाबाइटवर आणण्यात आला. या खेळात लोडिंगचा मोठा हिस्सा भूप्रदेश रचण्याच्या आकडेमोडीचा असल्याने हार्ड डिस्कवरही काही सेकंदांचाच फरक पडल्याचे आढळले.

हातात धरून खेळण्याच्या यंत्रांतही हा बदल पोहोचला आहे. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विच २ मध्ये खेळ साठवण्यासाठी जुनी मायक्रोएसडी कार्डे चालत नाहीत. पीसीआयई व एनव्हीएमई यांवर आधारलेले मायक्रोएसडी एक्स्प्रेस कार्डच लागते.