गॉथिक कादंबरी आणि विज्ञान

पडके किल्ले, तळघरे, शापित घराणी व अतिमानुष घटना यांच्या आधारे भय आणि गूढ निर्माण करणाऱ्या इंग्रजी कथासाहित्यास गॉथिक साहित्य म्हणतात. त्याचा आरंभ होरेस वॉलपोल याच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ (१७६४) या कादंबरीपासून मानला जातो. एकोणिसाव्या शतकात या साहित्यातील भयाने किल्ला सोडला आणि ते प्रयोगशाळेत व शवविच्छेदनाच्या खोलीत येऊन राहिले.

मृत बेडकाचा पाय विजेमुळे झटका देतो, हे बोलोन्याच्या लुइजी गॅल्व्हानी याने दाखवले आणि १७९१ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याचा भाचा जोव्हान्नी आल्दीनी याने जानेवारी १८०३ मध्ये लंडन येथे, न्यूगेट तुरुंगात फाशी दिलेल्या जॉर्ज फॉर्स्टर याच्या प्रेतातून वीज सोडली. तेव्हा जबडा थरथरला, एक डोळा उघडला आणि उजव्या हाताची मूठ वळली. असे प्रेत सहज मिळण्याचे कारण कायद्यात होते. मरणानंतरही गुन्हेगाराची विटंबना व्हावी, या उघड हेतूने १७५२ पासून खुन्यांची प्रेते शवविच्छेदनासाठी दिली जात.

मेरी शेली हिच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये (१८१८) हे वातावरण थेट उतरले आहे. कृत्रिम मनुष्य घडवू पाहणारा व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन आपली सामग्री शवविच्छेदनाच्या खोलीतून आणि कत्तलखान्यातून गोळा करतो. जीव नेमका कसा घातला, हे मात्र कादंबरी सांगत नाही आणि गॅल्व्हानीच्या शोधाचा स्पष्ट उल्लेखही लेखिकेने १८३१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत केला. ही कादंबरी ज्ञानलालसेविरुद्धचा इशारा म्हणून सरसकट वाचली जाते, पण ते वाचन अपुरे आहे. आपण घडवलेल्या या जीवाचा निस्तेज पिवळा डोळा उघडताच व्हिक्टर खोलीतून पळ काढतो, आणि पुढचा सारा अनर्थ या जबाबदारी टाळण्यातून उद्भवतो.

वैद्यकीय शाळा वाढल्या तशी फाशी गेलेल्यांची प्रेते अपुरी पडू लागली आणि कबरी उकरून प्रेते विकण्याचा धंदा फोफावला. स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरात बर्क व हेअर या जोडीने १८२८ पर्यंत सोळा खून करून ती प्रेते शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. रॉबर्ट नॉक्स याच्याकडे विकली. बर्क फाशी गेला व त्याच्याच प्रेताचे विच्छेदन झाले. नॉक्सवर खटला भरला गेला नाही. १८३२ च्या कायद्याने वर्कहाउस नावाच्या आश्रयगृहांत मरणाऱ्या गरिबांची बेवारस प्रेते शाळांना मिळू लागली, म्हणजे जी पूर्वी खुन्याची शिक्षा होती ती आता दारिद्र्याच्या वाट्याला आली.

एडिंबरोमध्येच वाढलेल्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याने प्रेतचोरांवर कथा लिहिलीच, शिवाय ‘डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड’मध्ये (१८८६) जेकिलची प्रयोगशाळा एका नामांकित शल्यचिकित्सकाच्या जुन्या विच्छेदनगृहात थाटली. समोरून प्रतिष्ठित दिसणाऱ्या या घराच्या मागच्या कळकट दारातून हाइड, म्हणजे औषध पिऊन जेकिल ज्यात पालटतो तो दुष्ट माणूस, ये-जा करतो. त्याचे वानरासारखे वागणे हे डार्विननंतरच्या काळात मनुष्य पुन्हा पशुत्वाकडे घसरेल, या धास्तीचे चित्र आहे. मूळ औषधाचा गुण क्षारातील कोणत्या तरी अज्ञात भेसळीमुळे आला होता, हे जेकिलला फार उशिरा उमगते. प्रयोग पुन्हा करता न येणे ही शास्त्रज्ञाची भीती येथे कथानकाची कळ बनते. प्राण्यांना चिरून माणसासारखे बनवणाऱ्या शास्त्रज्ञावरील एच. जी. वेल्स याच्या ‘डॉ. मोरो’ (१८९६) या कादंबरीमागे जिवंत प्राण्यांच्या चिरफाडीवरचा तत्कालीन वाद आहे.

ब्रॅम स्टोकर याच्या ‘ड्रॅक्युला’त (१८९७) टंकलेखनयंत्र, फोनोग्राफ व लघुलेखन यांच्या साहाय्याने पिशाचाचा माग काढला जातो आणि कादंबरीची नायिका मीना त्याला, जन्मजात गुन्हेगार शरीरलक्षणांवरून ओळखता येतो असे मानणाऱ्या लोंब्रोसोच्या गुन्हेगारशास्त्रातील वर्गात बसवते. पिशाचाने रक्त शोषलेल्या तिच्या मैत्रिणीला, ल्यूसीला, चार पुरुषांचे रक्त दिले जाते, तेही रक्तगट न पाहता, कारण रक्तगटांचा शोध तेव्हा लागलेलाच नव्हता. रक्त चढवणारे हे डॉक्टर त्याच खोलीत तिच्या गळ्यात लसणाच्या फुलांची माळ घालतात.