जोडप्राणी काढायचा की नवी जात?

ॲनिमेशनसाठी काल्पनिक प्राणी काढायला बसलेली मुलं बहुतेक वेळा दोन गोष्टींची गल्लत करतात. एक म्हणजे जोडप्राणी, ओळखीच्या जनावरांचे अवयव एकत्र आणून केलेला. दुसरी म्हणजे नवी जात, कुठेच नसलेला पण कुठेतरी असू शकला असता असा प्राणी. कागदावर दोन्ही सारखेच अजब दिसतात. हलवायला घेतले की फरक पडतो.

जोडप्राण्याचा उत्तम नमुना म्हणजे ओडिया परंपरेतला नवगुंजर. कृष्णाने अर्जुनापुढे घेतलेलं हे रूप. कोंबड्याचं डोकं, मोराची मान, शेपटीच्या जागी साप, एक हात माणसाचा आणि उरलेले तीन पाय हत्तीचा, वाघाचा आणि घोड्याचा किंवा हरणाचा. आता याला चालवून बघा. हत्तीचं पाऊल खालच्या गादीवर सपाट टेकतं, वाघ बोटांवर चालतो, घोडा तर बोटाच्या टोकावर, खुरावर. तीन पायांचे तीन ठेके! पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चौकटी; प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरलं तरी १२ चित्रं, आणि प्रत्येकात हा गोंधळ सांभाळायचा. पण कथेत नवगुंजर फार चालतच नाही. तो समोर उभा ठाकतो, अर्जुन धनुष्य उचलतो, मग त्याला ओळख पटते. अवयव ओळखू येणं हीच तिथली गंमत आहे. म्हणून प्राणी एकदाच प्रकट होणार असेल, त्याला बघून पात्र थबकणार असेल, तर बेलाशक जोडप्राणी घ्या.

नवी जात मात्र अवयवांपासून नाही, जागेपासून सुरू होते. आपण ग्वाल्हेरचे, तर चंबळचा बीहडच, म्हणजे नदीकाठच्या घळींचा प्रदेश, घेऊ. माती भुसभुशीत, कडे उभे, उन्हाळा भाजून काढणारा. तिथे राहणारा प्राणी अंगाने हलका हवा, पाय आखूड, नखं माती धरणारी, रंग मातीचाच. पाऊल घसरू नये म्हणून तो मांजरासारखा पुढच्या पावलाच्या ठशातच मागचं पाऊल ठेवेल. एवढं ठरलं की त्याची चाल जवळजवळ आपोआप सुचते. इथे कुठला अवयव कुणाचा हे प्रेक्षकाला कळता कामा नये. कळलं, तर जात फसली.

सगळ्यात जास्त घोळ पंखांचा होतो. पक्ष्याचे पंख म्हणजे त्याचे पुढचे पायच. वटवाघळाचा पंख म्हणजे लांबलेल्या बोटांमधली कातडी. चार पाय ठेवून वर पंख दिले की सहा अवयव झाले, आणि पाठीवर दुसरा खांदा शोधावा लागतो. जोडप्राण्याला ते माफ आहे. नव्या जातीला नाही.

दोन्हींसाठी एक सराव मी नेहमी सांगते. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर राजा मानसिंह तोमरांच्या (राज्यकाळ १४८६ ते १५१६) मानमंदिर महालाची बाहेरची भिंत बघा. निळ्या-पिवळ्या टाइल्समधले हत्ती आणि बदकं लांबूनही चटकन ओळखू येतात, कारण बाह्यरेषा पक्की आहे. तुमचा प्राणी पूर्ण काळा भरा. तरीही तो ओळखू आला पाहिजे.

आणि गोष्टीत जोडप्राण्याला खरंच धावायचं असेल तर? मग धड एकाच जनावराचं ठेवा. महाराष्ट्रातल्या गडांच्या दरवाजांवर कोरलेला शरभ असाच आहे: अंग सिंहाचं, म्हणून चालही सिंहाची. पंख, शिंगं, आयाळ जे काय वरून द्याल, ते धडापेक्षा दोन-तीन फ्रेम उशिरा हलवा.