अकरा जणांना पाठवा

‘स्क्रोल करण्याआधी एकदा जय शिवराय लिहा, कंजूषपणा करू नका.’ खाली हजारो माणसांनी निमूटपणे जय शिवराय लिहिलेलं असतं. तेच पान दोन दिवसांनी मोबाइलची कव्हरं विकत असतं, ते वेगळं. जरा खाली गेलं की ‘पोहे की उपमा?’, त्याखाली ‘९९ टक्के लोक हे गणित चुकतात’, आणि त्याखाली कुणीतरी आपल्याला ‘हो’ लिहायला सांगत असतो, म्हणजे तो लिंक पाठवणार. लिंक तिथेच का देत नाही, हे विचारायचं नाही. इंग्रजीतून आलेलं नाव आहे एंगेजमेंट बेट. आपल्याकडे त्याला साधं गळ म्हणता येईल.

हा वैताग नवा वाटतो, पण ज्यांच्या घरी कधी संतोषी मातेचं पोस्टकार्ड येऊन पडलं आहे त्यांना गळाचा आकार ओळखीचा असणार.

भारतात पोस्टकार्ड सुरू झालं १ जुलै १८७९ रोजी, पाव आण्याला एक. स्वस्त आणि उघडं. पाकीट नसल्यामुळे ते पोस्टमनही वाचायचा आणि खालच्या मजल्यावरचे काकाही. साखळीपत्राला या दोनच गोष्टी लागतात. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ हा चित्रपट आला, शुक्रवारचे उपास घरोघरी सुरू झाले आणि देवीच्या नावाची कार्डंही फिरू लागली. त्याच साच्यात शिर्डीचे साईबाबा आणि तिरुपतीचे बालाजीही बसवले जात. मजकूर जवळपास ठरलेला असे. अमुक देवळात साप निघाला, त्याने पुजाऱ्याला दर्शन देऊन सांगितलं की माझ्या नावाची पत्रं जो लिहील त्याचं भलं होईल. एका माणसाने लिहिली, त्याला लॉटरी लागली. दुसऱ्याने हसण्यावारी नेली, त्याचा मुलगा दगावला. आपण अकरा जणांना पाठवा. कधी एकवीस.

लॉटरीचा उल्लेख मला नेहमी गमतीचा वाटतो. महाराष्ट्राची सरकारी लॉटरी १९६९ मध्ये सुरू झाली आणि देवीचा कृपाप्रसादही त्याच तिकिटावर येऊ लागला. गळ टाकणारा आमिष नेहमी ताजंच लावतो.

आमच्या घरी असं कार्ड आलं की आई ते देवघरात ठेवायची. फाडायचं धाडस नाही आणि अकरा कार्डं लिहायचा उत्साह नाही. पंधरा पैशाला एक, म्हणजे अकरा कार्डांचा एक रुपया पासष्ट पैसे खर्च, वर संध्याकाळभर हात दुखणार. साखळी बहुतेक घरांत याच हिशेबावर तुटत असावी, श्रद्धा कमी पडल्यामुळे नव्हे. नाहीतर गणित भयंकर आहे. प्रत्येकाने अकरा लिहिली तर सहाव्या पायरीला कार्डं होतात सतरा लाख एकाहत्तर हजार पाचशे एकसष्ट, आणि आठव्या पायरीला एकवीस कोटींच्या वर. १९८१ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वासहा कोटींच्या थोडी वर होती. आठ पायऱ्यांत राज्य संपलं असतं.

आणि एवढं करून मिळत कुणाला काहीच नव्हतं. ज्याने पहिलं कार्ड लिहिलं त्याला आपलं पत्र कुठवर गेलं हेही कळायचं नाही. पोस्टखात्याचाही फायदा नाही, कार्ड तोट्यातच विकलं जायचं. पत्राला मालक नव्हता. पुढची सगळी गोष्ट हा मालक कसा आला याची आहे.

तो पहिल्यांदा आला परदेशात. अमेरिकेत १८८८ मध्ये शिकागोच्या एका मिशनरी प्रशिक्षण शाळेने कर्ज फेडण्यासाठी पत्रं काढली: दहा सेंट पाठवा आणि या पत्राच्या प्रती तीन मित्रांना द्या. हेतू चांगला होता. १९३५ च्या वसंतात, मंदी चालू असताना, डेन्व्हर शहरात तीच युक्ती हेतूविना आली. पत्रात सहा नावं. सगळ्यात वरच्याला दहा सेंट पाठवायचे, ते नाव खोडायचं, आपलं तळाला घालायचं, पाच प्रती करायच्या. साखळी न तुटता आपलं नाव वर पोचलं की पंधरा हजार सहाशे पंचवीस नाणी, म्हणजे दीड हजार डॉलरच्या वर रक्कम. डेन्व्हरच्या टपाल कचेरीत पत्रांचा पूर आला आणि टपाल खात्याने हे बेकायदा आहे असं बजावलं. आपल्याकडे १९७८ च्या कायद्याने अशा पैशांच्या साखळ्यांवर बंदी आली. देवाच्या साखळीला कुणी हात लावला नाही. तिच्यात पैसाच फिरत नव्हता, तर गुन्हा कोणता नोंदवणार?

साखळी लावणाऱ्यालाही ती थांबवता येत नाही, हे सगळ्यात स्वच्छ दिसलं ते क्रेग शेरगोल्ड या इंग्लंडमधल्या मुलाच्या बाबतीत. १९८९ मध्ये नऊ-दहा वर्षांच्या या मुलाच्या मेंदूत गाठ सापडली. सर्वाधिक शुभेच्छापत्रांचा विक्रम व्हावा म्हणून आवाहन निघालं आणि वर्षभरात दीड कोटीहून जास्त पत्रं आली. १९९१ मध्ये अमेरिकेत शस्त्रक्रिया झाली आणि मुलगा बरा झाला. पत्रं मात्र येतच राहिली. हात बदलता बदलता शुभेच्छापत्रांची व्हिजिटिंग कार्डं झाली, नावाचं स्पेलिंग बिघडलं, पुढे आवाहन ईमेलवर चढलं. तो चाळिशीत, २०२० मध्ये वारला. तोवर ‘मरणाच्या दारातल्या मुलाची’ ती विनंती पुनःपुन्हा वर येत होती.

ईमेलने हात दुखणं संपवलं आणि खर्चही. भारतातल्या ऑफिसांत इंटरनेट आलं तसा इनबॉक्समध्ये रक्ताच्या कर्करोगाची मुलगी आली, ‘प्रत्येक फॉरवर्डमागे कंपनी तिला काही पैसे देणार आहे’ हे आश्वासन आलं, आणि १९९७ पासून जगभर हिंडणारी ती प्रसिद्ध थापही आली की बिल गेट्स ईमेल मोजण्याची यंत्रणा तपासून बघतोय, तुम्ही पुढे पाठवा, तो पैसे देईल. शहाणी माणसं हसली. पाठवलेल्या निरोपांची मोजदाद करून त्याचे कुणी पैसे देतं का? ही थाप जरा लक्षात ठेवा.

एसएमएसचा काळ थोडक्यात आटोपतो, कारण तिथे पुन्हा पैसे पडत. दिवाळीला आणि एकतीस डिसेंबरला मोबाइल कंपन्या स्वस्त एसएमएसचे पॅक बंद ठेवायच्या, त्याला ब्लॅकआउट डे म्हणत, आणि ‘शुभेच्छा आदल्या दिवशीच घ्या’ असे निरोप आदल्या रात्री येत. २०११ मध्ये दूरसंचार नियामकाने दिवसाला शंभर एसएमएसची मर्यादा घातली, ती लवकरच दोनशेवर गेली. ऑर्कुटच्या स्क्रॅपबुकातही ‘पंधरा जणांना पाठव, नाहीतर सात वर्षं प्रेम मिळणार नाही’ असं यायचं. कॉलेजमधल्या पोरांनी देवीच्या कार्डाचं केलेलं रूपांतर, एवढंच त्याचं महत्त्व.

खरा बदल ९ फेब्रुवारी २००९ ला झाला. त्या दिवशी फेसबुकवर लाइकचं बटण आलं. त्याआधी माणसाने काय केलं हे मोजायला कुणी नव्हतं. आता प्रत्येक अंगठा मोजला जाऊ लागला आणि त्या मोजणीवर पुढच्या माणसाला काय दिसेल हे ठरू लागलं. पोस्टमन आपल्या पत्राची वाट पाहणाऱ्या घरीच जायचा. हा नवा पोस्टमन ज्या पत्रावर सगळ्यात जास्त आरडाओरडा झाला तेच गावभर वाटत सुटला.

मग भीतीची गरज कमी झाली. साप गेला, जवान आला. बर्फात उभा असलेला सैनिक, ‘याच्यासाठी एक लाइक नाही का?’ आजारी बाळ, भाकरी थापणारी म्हातारी, ‘लाज वाटत असेल तर पुढे जा.’ पोस्टकार्ड म्हणायचं तुमचं वाईट होईल. हे म्हणत होतं तुम्ही वाईट आहात. दुसरं जास्त चालतं, कारण त्याची शहानिशा होत नाही. पानाचे लाइक लाखावर गेले की पान विकायचं किंवा त्याचं नाव बदलायचं, हा धंदा तेव्हाच उभा राहिला. पत्राला मालक मिळाला होता.

फेसबुकला हे कळत नव्हतं असं नाही. एप्रिल २०१४ मध्ये कंपनीने जाहीर केलं की लाइक मागणाऱ्या पोस्टी खाली ढकलल्या जातील. १८ डिसेंबर २०१७ रोजी तर मत मागणाऱ्या, टॅग करायला लावणाऱ्या, शेअर करायला, कमेंट करायला, इमोजी द्यायला सांगणाऱ्या अशी पाच प्रकारांची वर्गवारीच दिली. आणि साडेतीन आठवड्यांनी, ११ जानेवारी २०१८ ला, मार्क झुकरबर्गने जाहीर केलं की यापुढे माणसामाणसांतला ‘अर्थपूर्ण संवाद’ वर दिसेल. अर्थपूर्ण म्हणजे किती, ते २०२१ मध्ये फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सेस हॉगन यांनी बाहेर आणलेल्या कागदपत्रांमुळे कळलं. लाइकला एक गुण, रागाच्या किंवा हसण्याच्या इमोजीला पाच, आणि लांबलचक कमेंटला तीस. म्हणजे आधी गळ टाकायला बंदी करायची आणि मग तळ्यातल्या माशाचा भाव तीसपट करायचा. रागाच्या इमोजीचं वजन पुढे शून्यावर आणलं गेलं, पण तोवर भांडण लावलं की पोस्ट पळते हे चारचौघांना कळून चुकलं होतं. पुणे की मुंबई, कोल्हापूरची मिसळ की नाशिकची, हे वाद आपण आधीही घालत होतो. आता ते कुणीतरी सकाळी नऊ वाजता वेळ लावून टाकू लागलं.

आपल्याकडे हे सगळं एकदम अंगावर आलं त्याचं कारण ५ सप्टेंबर २०१६. जिओ सुरू झालं, डेटा जवळजवळ फुकट झाला आणि ज्यांनी ईमेल कधी उघडला नव्हता त्या आत्या-मावश्या थेट व्हॉट्सॲपवर पोचल्या. सुप्रभातची गुलाबं एवढी झाली की भारतीयांचे फोन भरून का जातात याचा शोध घेताना गूगललाही ती सापडली. तिथे कुणाला काय दाखवायचं हे ठरवणारा अल्गोरिदम नव्हता, लाइकचा आकडा नव्हता, म्हणून व्हॉट्सॲपचा वैताग जुन्या पोस्टकार्डाच्या जातीचा राहिला: प्रेमाने, भीतीने, सवयीने पाठवलेला. पण फुकट आणि क्षणात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. भिक्षा मागायला आलेली माणसं होती ती. देशभर अशा घटना घडत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने निरोपावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०२० मध्ये खूप फिरलेल्या निरोपांसाठी ती एकावर आली. अकराचे पाच, पाचाचा एक. पोस्टकार्डाच्या काळात हे काम दुखऱ्या हाताने केलं होतं.

फेसबुक-इन्स्टाकडे मात्र उलट झालं. टिकटॉक २९ जून २०२० ला बंद झालं, दहा दिवसांच्या आत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले आणि ‘भाग दोनसाठी फॉलो करा’ हे वाक्य मराठीत रुळलं. लिंकसाठी ‘हो’ लिहायला लावणं हे त्याचंच धाकटं भावंड. तुमचं ‘हो’ कुणी वाचत नाही, उत्तर यंत्रच पाठवतं, पण कमेंट मोजली गेलेली असते.

आणि आता ती थाप आठवा. जुलै २०२३ मध्ये एक्सने, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरने, लोकांच्या पोस्टींखाली येणाऱ्या उत्तरांमधल्या जाहिरातींचा वाटा त्यांना द्यायला सुरुवात केली. जास्त उत्तरं आली, तर जास्त पैसे. फेसबुकची मालक कंपनी मेटाही लोकप्रिय मजकुरासाठी बोनस देऊ लागली. १९९७ ची विनोदी अफवा खरी झाली: पुढे गेलेल्या प्रत्येक निरोपाचा कुणीतरी हिशेब ठेवतंय आणि पैसे देतंय, फक्त ते कर्करोगाच्या मुलीला मिळत नाहीत. २०२४ मध्ये फेसबुकवर कोळंबीच्या अंगाचा येशू, केकसमोर एकटा बसलेला म्हातारा सैनिक, प्लास्टिकच्या बाटल्यांपासून विमान बनवणारं गरीब पोर अशी यंत्राने काढलेली चित्रं तुंबली, तेव्हा पत्रकारांनी शोध घेतला. ती बनवणाऱ्यांत भारतातली मुलंही होती, कसं बनवायचं हे हिंदीतून शिकवणारे व्हिडिओ होते आणि गिऱ्हाईक होतं अमेरिकेतलं. सीमेवरचा जवान निर्यातही झाला म्हणायचा.

२०२५ चा शब्द म्हणून ऑक्सफर्डने ‘रेज बेट’ निवडला, राग यावा म्हणूनच केलेला मजकूर. वरणभातावर चीज किसणारा रीलवाला हा त्यातलाच. आणि ठळक अक्षरांत ‘पाणि’ आणि ‘आनी’ लिहिणारी काही पानं ते मुद्दाम करतात असा मला दाट संशय आहे. मी स्वतः दोनदा खाली जाऊन दुरुस्ती केली आहे. तीस गुण, दोन वेळा.

गेल्या वर्षी घरच्या ग्रुपवर मावशीचा लांबलचक निरोप आला. उद्यापासून फेसबुकचा नवा नियम लागू होणार, तुमचे फोटो कंपनीच्या मालकीचे होणार, तेव्हा खालील सूचना आपापल्या भिंतीवर लावा. ही सूचना २०१२ पासून जगभर हिंडते आहे. काही आवृत्त्यांत तर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम कराराचा हवाला असतो, ज्याचा फोटोंशी सुतराम संबंध नाही. शेवटची ओळ अशी: ‘शेअर करू नका, फॉरवर्ड करू नका, कॉपी-पेस्ट करा.’ कारण सरळ आहे. कॉपी केलेल्या मजकुरावर फॉरवर्डेडची खूण येत नाही, पाचाची मर्यादा लागत नाही आणि मूळ पोस्ट काढून टाकली तरी नक्कल उरते. मावशीला कॉपी करणं जमत नाही. तिने मुलाच्या फोनवरचं वाचत वाचत आपल्या फोनवर अख्खं टाइप केलं होतं, दोन ओळी गाळून, आणि रोमचं रेम झालं होतं.